वाचकांच्या शंका : दोन केस आणि एक लाल रेघ

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं इंग्रजीतल्या वचनाबद्दल आहेत. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना मुलांच्या वह्यांत मला सर्वांत जास्त लाल शाई याच विषयावर खर्च करावी लागली. म्हणून आज फक्त याच विषयाची पत्रं घेते.

बाई, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, फर्निचर यांना 'एस' लागत नाही हे मी पाठ केलं आहे. तरी बोलताना 'इन्फर्मेशन्स' तोंडातून निघतंच. जे मोजता येतं ते काउंटेबल, जे येत नाही ते अनकाउंटेबल, असं आम्हाला शिकवलं. पण खुर्च्या, टेबलं, कपाटं तर मोजता येतात! मग फर्निचर अनकाउंटेबल कसं? यादी पाठ करण्याखेरीज काही मार्ग आहे का? – स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक वाचक

तुमचा आक्षेप अगदी रास्त आहे. चूक त्या व्याख्येत आहे. माणूस दिवसभरात पैशाइतकं दुसरं काय मोजतो? तरी इंग्रजीत 'मनी' अगणनीयच. 'कॉइन' गणनीय, 'नोट' गणनीय, आणि त्या दोहोंना मिळून जो शब्द आहे तो अगणनीय. झाडाची पानं म्हणून 'लीव्ह्‌ज' म्हटलं तर शंभर मोजा; त्याच झाडाच्या त्याच पानांना 'फोलिएज' म्हटलं की मोजणी बंद. झाड बदललं नाही, पानं बदलली नाहीत, फक्त शब्द बदलला. गणनीय असणं हा शब्दाचा गुण आहे. वस्तूकडे कितीही निरखून पाहिलं तरी तो सापडत नाही.

ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९२४ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दोन गट केले होते. ज्याला ठरावीक आकार आणि कड आहे अशी कल्पना मनात उभी करणारे शब्द एका बाजूला आणि नुसता एक ऐवज, एक साठा डोळ्यांपुढे आणणारे शब्द दुसऱ्या बाजूला. मला ही मांडणी फार उपयोगी वाटते. 'चेअर' म्हटलं की एक खुर्ची दिसते. 'फर्निचर' म्हटलं की इंग्रज माणसाला घरातला ऐवज दिसतो, सुटी वस्तू दिसत नाही. फ्रेंच भाषेत फर्निचरसाठीचा शब्द बिनदिक्कत अनेकवचनी चालतो, 'इन्फर्मेशन'ला फ्रेंच आणि जर्मन दोघीही अनेकवचन देतात. माहिती तीच, खुर्च्याही त्याच.

आता मार्ग. सगळी यादी पाठ करू नका. एका कागदाचे तीन भाग करा आणि प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर आपला मराठी शब्द लिहून बघा.

पहिल्या भागात असे शब्द येतील की जिथे मराठी आणि इंग्रजी एकाच वाटेने चालतात. माहिती, प्रगती, ज्ञान, सामान, धूर, वाळू. तुम्ही जन्मात कधी 'माहित्या' म्हणाला आहात का? 'मला दोन माहित्या हव्यात' असं लहान मूलही म्हणत नाही. मग 'इन्फर्मेशन्स' का म्हणता? कारण इंग्रजी बोलताना आपण कानावरचा विश्वास सोडतो आणि 'पुष्कळ आहे, तर एस लावू' अशा घाईत सापडतो. आणखी एक पुरावा तुमच्या तोंडीच आहे. मराठी बोलताना आपण 'फर्निचर आलं' म्हणतो, 'लगेज उतरवलं' म्हणतो, 'ट्रॅफिक खूप होतं' म्हणतो. 'फर्निचरं आली' कुणी म्हणत नाही. हे शब्द मराठीत येताना आपला स्वभाव बरोबर घेऊन आले आणि आपण तो जपला. या भागातल्या शब्दांसाठी पाठांतराची गरजच नाही, मराठी कान पुरेसा आहे.

दुसरा भाग खरा धोक्याचा. इथे मराठी मोजते आणि इंग्रजी मोजत नाही. सल्ला–सल्ले, बातमी–बातम्या, पुरावा–पुरावे, दागिना–दागिने, काम–कामं. इंग्रजीत मात्र अ‍ॅडव्हाइस, न्यूज, एव्हिडन्स, ज्वेलरी, वर्क हे सगळे अगणनीय. आकाशात विजा चमकतात, आपण त्या मोजूही शकतो. इंग्रजीत 'लाइटनिंग' एकवचनीच राहतं. 'न्यूज' तर फसवा, शेवटी 'एस' घेऊन बसलेला. तो 'न्यू' या विशेषणापासून आला, एके काळी अनेकवचनी वापरलाही जायचा, पण आज 'द न्यूज इज गुड' एवढंच बरोबर. हे शब्द मात्र लिहून काढा. वीस-पंचवीसांच्या वर जाणार नाहीत.

तिसऱ्या भागात उलटं. कात्री, चिमटा, पक्कड, चष्मा, दुर्बीण, विजार. मराठीत ही एकेक वस्तू. इंग्रजीत सीझर्स, टाँग्ज, प्लायर्स, ग्लासेस, बायनॉक्युलर्स, ट्राउझर्स, सगळी अनेकवचनी. दोन सारखे भाग एकत्र जोडलेले दिसले की इंग्रजी त्या दोन भागांकडे बघते: दोन पाती, दोन भिंगं, दोन पाय. मराठी अख्ख्या वस्तूकडे बघते. म्हणून 'माझी कात्री कुठे आहे?' याचं इंग्रजी 'व्हेअर आर माय सीझर्स?' होतं, कात्री एकच असली तरी. दोन कात्र्या असतील तर 'टू पेअर्स ऑफ सीझर्स'.

मग अगणनीय वस्तू मोजायची वेळ आलीच तर? त्यासाठी इंग्रजी एखादं माप शब्दाच्या पुढे उभं करते: 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस', 'अ फ्लॅश ऑफ लाइटनिंग', 'अ ब्लेड ऑफ ग्रास', 'अ शीट ऑफ पेपर'. शाळेत हे शब्द मुलांना ओझं वाटतात, आणि मला नेहमी वाटतं की शिकवताना आपण सुरुवात चुकीच्या टोकाने करतो. कारण या कलेत मराठी कुणाला हार जाणारी नाही. गवताचं पातं, वाळूचा कण, पाण्याचा थेंब, धुराचा लोट, विजेचा लोळ, मातीचं ढेकूळ, कागदाचा ताव, सुताचा धागा. गवत मोजता येत नाही म्हणून आपण पातं मोजतो, धूर मोजता येत नाही म्हणून लोट मोजतो. कोणत्या पदार्थाला कोणतं माप शोभतं हे आपल्याला न शिकवता कळतं. विजेला कुणी कण म्हणत नाही आणि वाळूला कुणी थेंब म्हणत नाही. आधी मुलांकडून ही मराठी मापं काढून घ्यावीत, फळ्यावर लिहावीत, आणि मग इंग्रजी जोड्या द्याव्यात. माझ्या वर्गात हे करायला लागले तेव्हापासून 'पीस ऑफ'चे धडे मुलं आपणहून म्हणू लागली. एवढंच लक्षात ठेवा की 'पीस' सगळीकडे चालत नाही. 'अ पीस ऑफ वॉटर' म्हणजे कानाला पाण्याचा तुकडा.

माझ्या मुलीने 'माय हेअर्स आर लाँग' लिहिलं, ते चूक दिलं. ठीक आहे. पण तिच्याच पुस्तकातल्या एका गोष्टीत 'अ हेअर' असं छापलं आहे. मग 'हेअर' गणनीय की अगणनीय? – एक पालक

दोन्ही. आणि या शब्दाबद्दल माझ्या मनात एक जुनी खंत आहे, ती आज सांगते.

नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी नववीच्या एका मुलाने निबंधात रहस्यकथा लिहिली होती. चोर पकडला जातो तो कोटावर सापडलेल्या केसांमुळे. त्याचं वाक्य होतं, 'देअर वेअर टू हेअर्स ऑन द कोट.' मी 'हेअर्स'वर लाल रेघ ओढली, वर 'हेअर' लिहिलं आणि गुण कापला. तो मुलगा वही घेऊन आला आणि म्हणाला, ''बाई, पण दोनच होते.'' मी त्याला नियम ऐकवला आणि जागेवर बसवलं. कितीतरी वर्षांनी, एक चांगला शब्दकोश सावकाश वाचताना मला कळलं की तो बरोबर होता. डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर', अगणनीय. सुटा पडलेला, बोटांनी उचलता येणारा केस 'अ हेअर', आणि तसे दोन असतील तर 'टू हेअर्स'च. दोनच होते, हेच त्याचं म्हणणं व्याकरणाचं खरं उत्तर होतं. तो मुलगा मला पुन्हा भेटला नाही. भेटला तर तो गुण परत द्यायचा आहे.

तर तुमच्या मुलीचं वाक्य चूकच, कारण लांब केस म्हणजे डोक्यावरचा सगळा संभार. पुस्तकातलं वाक्य बरोबर, कारण तिथे एक केस आहे. असे दुहेरी शब्द इंग्रजीत पुष्कळ. 'ग्लास' म्हणजे काच, 'अ ग्लास' म्हणजे पेला. 'पेपर' म्हणजे कागद, 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र, प्रश्नपत्रिका किंवा शोधनिबंध. 'वर्क' म्हणजे काम, 'अ वर्क' म्हणजे कलाकृती. 'एक्स्पीरियन्स' म्हणजे साठलेला अनुभव, 'अ‍ॅन एक्स्पीरियन्स' म्हणजे एखादा प्रसंग.

मुलीला हे पटवायला मराठीतलाच एक शब्द पुरेल: वेळ. 'माझा वेळ गेला' यातला वेळ पुल्लिंगी, वाहता, मोजता न येणारा. 'तीन वेळा सांगितलं' यातली वेळ स्त्रीलिंगी, एकेक करून मोजलेली. इंग्रजी 'टाइम' आणि 'थ्री टाइम्स' हुबेहूब तेच करतात. मराठीने तर दोन अर्थांना दोन लिंगं देऊन काम आणखी सोपं केलं आहे.

'वन ऑफ माय फ्रेंड' की 'वन ऑफ माय फ्रेंड्स'? ऑफिसात दोन्ही ऐकू येतं.

फ्रेंड्स. 'मित्रांपैकी एक' असा अर्थ आहे, आणि 'मित्रापैकी एक' असं आपण म्हणत नाही. पुढचं क्रियापद मात्र एकवचनी, कारण बोलणं त्या एकाबद्दल आहे: 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज अ डॉक्टर.' ही चूक इतकी रुळली आहे की बरोबर वाक्यच कानाला खटकतं. खटकू द्या.

अहवालात मी 'वन पॉइंट फाइव्ह किलोमीटर' आणि 'झीरो एरर' लिहिलं होतं. साहेबांनी दोन्हीकडे 'एस' लावला. दीड म्हणजे दोनसुद्धा नाही, आणि शून्य म्हणजे तर काहीच नाही. मग अनेकवचन कशाचं? – एक तरुण अभियंता

साहेबांचं बरोबर आहे, आणि तुमचा गोंधळ अस्सल मराठी आहे, म्हणून मला तो आवडला. मराठीत अनेकवचन दोनाच्या आसपास पोचल्यावर सुरू होतं. आपण 'दीड तास लागला' म्हणतो आणि 'अडीच तास लागले' म्हणतो. दीड अजून एकाच्याच अंगणात असतो. इंग्रजीचा विचार वेगळा: नेमका एक असेल तरच एकवचन, एकापासून जरा हललं की अनेकवचन. म्हणून 'वन पॉइंट फाइव्ह किलोमीटर्स', 'वन अँड अ हाफ आवर्स', 'झीरो एरर्स', 'झीरो डिग्रीज'. दशांशात लिहिलं तर 'झीरो पॉइंट फाइव्ह किलोमीटर्स'सुद्धा. पण शब्दांत अर्धा म्हटला तर 'हाफ अ किलोमीटर', कारण तो एका किलोमीटरचा अर्धा भाग.

दोन जागा सांभाळा. अंतर किंवा काळ ही एक अखंड रक्कम म्हणून बोलत असाल तर नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी: 'टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक.' आणि मोजमाप विशेषण होऊन दुसऱ्या नामाच्या आधी लागलं की 'एस' गळतो: 'अ टेन-किलोमीटर वॉक', 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड चाइल्ड'. अहवालांत 'फाइव्ह-इयर्स प्लॅन' असं मी अनेकदा वाचलं आहे, ते तुमच्या हातून होऊ देऊ नका.

एकाच्या पुढे गेलं की सगळं अनेकच, हेही कायमचं नव्हतं. संस्कृतात द्विवचन आहे हे आपल्याला ठाऊक असतं. जुन्या इंग्रजीतही 'आम्ही दोघे' आणि 'तुम्ही दोघे' यांसाठी स्वतंत्र सर्वनामं होती. ती नंतर लोपली.

बाई, चाइल्डचं चिल्ड्रन, फूटचं फीट, माउसचं माइस का होतं? सरळ एस का नाही? आणि शीपचं शीपच का राहतं? – सातवीतली एक विद्यार्थिनी

बाळा, हे शब्द म्हातारे आहेत. 'एस'ची पद्धत सगळीकडे पसरण्याआधीचे. एके काळी इंग्रजीत अनेकवचन करायच्या कितीतरी तऱ्हा होत्या, जशा आपल्या मराठीत अजून आहेत: घोडा–घोडे, नदी–नद्या, फूल–फुलं, वीट–विटा. इंग्रजीने नंतर जवळजवळ सगळ्यांना एकाच 'एस'च्या रांगेत उभं केलं. जे शब्द रोजच्या रोज तोंडात होते तेवढे बचावले, कारण लोकांना त्यांची जुनी रूपं विसरायला सवडच मिळाली नाही.

'फूट'ची गोष्ट ऐक. फार पूर्वी, इंग्रजी लिहिली जाण्याच्याही आधी, या शब्दाच्या अनेकवचनाच्या शेवटी 'इ'सारखा आवाज होता. पुढे 'इ' यायचा आहे म्हटल्यावर जीभ आधीच्या स्वरापासूनच त्याच्या तयारीला लागायची. तू आत्ता 'ओ' म्हण आणि लगेच 'इ' म्हण. जीभ पुढे सरकते की नाही? त्या सरकण्याने मधला स्वरच बदलला. नंतर शेवटचा 'इ' गळून पडला, बदललेला स्वर मागे राहिला. फूट–फीट, टूथ–टीथ, गूस–गीस, माउस–माइस, मॅन–मेन, सगळे त्याच कुळातले.

'चिल्ड्रन'मध्ये तर दोन अनेकवचनं एकावर एक बसली आहेत. आधी 'र' लावून 'चिल्डर'सारखं रूप झालं. पुढे लोकांना ते पुरेसं अनेकवचनी वाटेना, म्हणून 'ऑक्स'च्या 'ऑक्सन'मधला 'एन' त्यालाही लावला. हा 'एन' एके काळी 'आय' म्हणजे डोळ्यालाही लागायचा.

आणि शीप? आपला हत्ती बघ. 'हत्ती आला' आणि 'हत्ती आले'. शब्द तोच, क्रियापदावरून कळतं. उंदीरही तसाच. शीप आणि डिअर हे इंग्रजीतले हत्ती-उंदीर समज.

मी 'लेस पीपल' म्हणालो तेव्हा मीटिंगमध्ये मला सगळ्यांसमोर दुरुस्त केलं गेलं. खरंच एवढी मोठी चूक आहे का?

परीक्षेत आणि औपचारिक लिखाणात 'फ्यूअर पीपल' लिहा. मराठीत 'कमी' दोन्हीकडे चालतं, कमी माणसं आणि कमी पाणी. तसंच 'खूप' आणि 'किती'सुद्धा. इंग्रजी मात्र मेनी आणि मच, फ्यूअर आणि लेस अशी विभागणी करते, म्हणून आपण अडखळतो. पण तुम्हाला चारचौघांत खजील करण्याइतका हा नियम प्राचीन नाही. नवव्या शतकात, राजा आल्फ्रेडच्या लेखनात, शब्दांसारख्या मोजता येणाऱ्या गोष्टीसाठी 'लेस'चं जुनं रूप आलेलं आहे. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'फ्यूअर' अधिक चांगलं वाटतं, असं आपलं मत मांडलं. त्या मताचा पुढे नियम झाला. अंतर, वेळ, वजन यांच्या बाबतीत तर आजही 'लेस'च हवं: 'लेस दॅन टेन किलोमीटर्स'.

दुरुस्ती करणाऱ्याने तुम्हाला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, हे मी तितक्याच ठामपणे म्हणेन.

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. 'माय ग्रँडफादर आर रीडिंग' असं म्हणतो. कितीदा 'इज' सांगितलं तरी पुन्हा 'आर'. काय करावं? – एक आई

त्याला आधी शाबासकी द्या. तो 'आजोबा वाचत आहेत' हे वाक्य मनात धरून बोलतो आहे, आणि त्या 'आहेत'मधला मान त्याला इंग्रजीत टाकून द्यायचा नाही. आजोबांना 'इज' लावणं म्हणजे 'आजोबा वाचतो आहे' म्हणण्यासारखं त्याला वाटत असणार. हे आदरार्थी बहुवचन त्याने इतक्या लहान वयात पक्कं केलं आहे, ते पुसू नका.

त्याला एवढं सांगा की इंग्रजीत माणसाबद्दल बोलताना ही सोय नाही, पण माणसाशी बोलताना आहे. समोर एकटे आजोबा असले तरी आपण 'यू आर' म्हणतो, 'यू इज' म्हणत नाही. ते 'आर' अनेकवचनाचंच. पूर्वी इंग्रजीत एकासाठी 'दाउ' होतं आणि 'यू' हे अनेकांसाठी. मग मोठ्या माणसाला एकट्यालाही मानाने 'यू' म्हणू लागले, जसं आपण 'तुम्ही' म्हणतो. सतराव्या शतकापर्यंत 'दाउ' रोजच्या प्रमाण इंग्रजीतून जवळजवळ गेलंच आणि सगळ्यांच्या वाट्याला 'यू' आलं.

तेव्हा त्याला आजोबांसमोर बसवा आणि थेट त्यांनाच विचारायला सांगा, 'ग्रँडफादर, व्हॉट आर यू रीडिंग?' इथे त्याचा 'आर' बरोबर आहे. तो त्याला मनसोक्त वापरू द्या. 'इज' काही दिवसांनी आपोआप येईल.